नगराच्या जमिनीचे भाडे बुडू देऊ नका

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी बंधुभगिनींस विनंतीपूर्वक निवेदन

केबल दूरचित्रवाणीची कंपनी नगराच्या रस्त्यांखालून आपल्या तारा नेते, त्यासाठी पदपथ उखडते, आणि या सार्वजनिक जागेच्या बळावर वर्षानुवर्षे व्यापार करते. तेव्हा त्या जागेचा मोबदला म्हणून उत्पन्नाचा काही हिस्सा तिने नगराच्या तिजोरीत भरावा हे न्यायाचेच आहे, आणि १९८४ च्या केबल कायद्याने हे फ्रँचायझी शुल्क मान्य करून त्यास केबल सेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. हे शुल्क कर नसून वस्तुतः भाडेच होय, असा अभिप्राय डॅलस नगराच्या दाव्यात पाचव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १९९७ साली नोंदविला आहे.

हेच भाडे हुकमामागून हुकूम काढून पोखरले जात आहे. केबलवरून मिळणारी इंटरनेट सेवा ही केबल सेवाच नव्हे, असे संघीय दळणवळण आयोगाने २००२ मध्ये ठरविले; त्यामुळे तिच्या उत्पन्नावर हे शुल्क बसत नाही. समजा, एखाद्या कुटुंबाचे मासिक देयक १५० डॉलरचे असून त्यांतील ८० डॉलर दूरचित्रवाणीचे आहेत. नगरास फार तर ४ डॉलर मिळतात, आणि त्या कुटुंबाने वाहिन्या बंद करून त्याच तारेवरून इंटरनेटद्वारे चित्रपट पाहावयास आरंभ केला की तेही संपतात. ऑरेगॉनमधील युजीन नगराने केबल कंपनीच्या इंटरनेट उत्पन्नावर ७ टक्के शुल्क बसविले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते २०१६ मध्ये वैध ठरविले. पण आयोगाने २०१९ मध्ये ते मोडीत काढले व २०२१ मध्ये सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आयोगाच्या त्याच २०१९ च्या हुकमाने, कंपनी नगरास ज्या सेवा विनामूल्य देते त्यांचे मूल्यही ५ टक्क्यांतच गणावे असे फर्माविले. बाजारभावाने नव्हे, कंपनीस पडणाऱ्या वाढीव खर्चाने गणावे, एवढीच सवलत न्यायालयाने दिली. नगरसभेचे कामकाज दाखविणाऱ्या सार्वजनिक वाहिनीची स्थिती तर अधिकच शोचनीय आहे, कारण कंपनीने कॅमेऱ्यासाठी दिलेला पैसा या मर्यादेबाहेर राहतो, परंतु तो कॅमेरा चालविणाऱ्याच्या वेतनासाठी दिलेला पैसा शुल्कातूनच वजा होतो.

शुल्क अखेर ग्राहकाच्याच माथी बसते, असे कंपन्या म्हणतात. ते खरे आहे. पण शुल्क बुडाले म्हणून रस्त्याची डागडुजी टळत नाही, ती सामान्य करांतून होते, आणि ज्याने तार घरात घेतलीच नाही त्यासही तिचा भुर्दंड पडतो. रेनोसारख्या नगरांनी चित्रपट पुरविणाऱ्या संकेतस्थळांवर दावे लावले व ते हरले. तो मार्गच आम्हांस मान्य नाही, कारण ज्याने रस्ता खणला नाही त्याच्याकडे भाडे मागणे अनुचित होय. भाडे तारेच्या मालकानेच द्यावे.

म्हणून काँग्रेसने १९८४ च्या कायद्यात दुरुस्ती करावी, आणि सार्वजनिक जागेतील जाळ्यावर कंपनीस होणारे सर्व उत्पन्न शुल्कास पात्र धरावे, ही आमची मागणी आहे. मताधिकार असलेल्यांनी आपल्या प्रतिनिधीस तसे पत्र लिहावे. ज्यांना तो अद्याप मिळालेला नाही, त्यांनी नगरसभेच्या अंदाजपत्रकाच्या जाहीर बैठकीस जावे, फ्रँचायझी शुल्काच्या सदरात गेल्या पाच वर्षांत किती रक्कम जमा झाली हे विचारावे, आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.