जपाच्या वहीला प्रश्नांचे पान

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या कित्येक घरांत देव्हाऱ्याखालच्या खणात एक वही असते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्यात रामनाम लिहिलेले असते. दुपारची कामे आटोपली की आजी दोन पाने भरते आणि वही संपली की ती देवळात नेऊन देते. अलीकडे अशा घरातल्या नातीकडेही एक वही आलेली असते. तिचे नाव ‘जर्नल’. रोज कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटले ते लिहा, असे तिच्या प्रत्येक पानावर आधीच छापलेले असते. दोन्ही वह्या मन शांत ठेवण्यासाठी आहेत आणि दोन्हींचा काही ना काही उपयोगही आहे. मात्र दोन्हींत एका गोष्टीला जागा नसते, ती म्हणजे प्रश्नाला.

हा प्रश्न बहुतेकदा रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटतो. वडिलांना पक्षाघाताचा झटका आलेला असतो किंवा आईच्या तपासणीत गाठ निघालेली असते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढताना मुलाच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या मनात येते, ‘इतकी वर्षे मनोभावे सगळे केले, मग आपल्याच घरी हे का?’ कोणी हे मोठ्याने बोलून दाखवले तर उत्तर तयार असते. एक म्हणतो, असे बोलू नये. दुसरा म्हणतो, मागच्या जन्मीचे भोग. तिसरा म्हणतो, देव वगैरे काही नसते, सोडून दे. तिघांचा हेतू चांगला असतो, पण तिघेही बोलणे थांबवतात. प्रश्न मात्र तिथेच राहतो.

अडकलेला प्रश्न शरीरालाही जड

श्रद्धेतली ही ओढाताण खासगी बाब आहे, आरोग्याच्या पानावर तिचे काय काम, असे अनेकांना वाटेल. संशोधन वेगळे सांगते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, वयाची पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या ५९६ रुग्णांचा सुमारे दोन वर्षे माग घेतला. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकून दिले, त्याचे आपल्यावर प्रेमच नाही, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला. आजाराची तीव्रता, वय, नैराश्य वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक उरला. रुग्ण अमेरिकेतले आणि प्रामुख्याने ख्रिस्ती होते. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा अंधेरीच्या रुग्णाला लावता येणार नाही. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

याच गटाने पुढे २००४ मध्ये मांडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शंका येऊन गेली त्यांच्यापेक्षा जे दीर्घकाळ तिच्यात अडकून राहिले त्यांची प्रकृती आणि मनःस्थिती खालावण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे शंका येणे हा आजार नव्हे. ती बोलता न येणे, तिच्यातून पुढे सरकता न येणे, हे त्रासाचे. ‘पापाची शिक्षा’ म्हणून दुखणे मुकाट सोसणारा रुग्ण औषधाच्या वेळा चुकवतो किंवा डॉक्टरकडे उशिरा जातो, हा धोका तर वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावलीत अध्यात्म, धर्म आणि व्यक्तिगत श्रद्धा यांचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडच्या केसपेपरवर धर्माचा रकाना असतो, पण त्या धर्माने या माणसाला आज धीर दिला आहे की धाक, हे विचारण्याची सोय कुठेच नसते.

लिहिण्याने काय होते, काय होत नाही

हा अडकलेला प्रश्न कागदावर उतरवला तर? याचे उत्तर शोधण्याची सुरुवात १९८६ मध्ये जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांच्या एका छोट्या प्रयोगाने झाली. ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेवर. घटना आणि त्यामागच्या भावना अशा दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहून झाल्या झाल्या अधिक उदास वाटले. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. १९९९ मध्ये जोशुआ स्मिथ यांनी दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर असाच प्रयोग केला. चार महिन्यांनी तपासले तेव्हा दुःखद अनुभव लिहिणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि साधे लिहिणाऱ्यांपैकी २४ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. औषधे दोन्ही गटांची चालूच होती.

हे आकडे वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. २००६ मध्ये जोआन फ्राटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात फायदा दिसला, पण सरासरीने लहान. लेखन म्हणजे गोळी नव्हे. ज्याची किंमत एक वही आणि एक पेन एवढीच आहे, त्याचा लहानसा फायदाही टाकाऊ नसतो, इतकेच म्हणता येईल.

फायदा होतो तो कसा? एक कारण असे की भावनेला नाव दिले की तिचा जोर थोडा ओसरतो. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. दुसरे कारण पेनीबेकर यांनी लिखाणातले शब्द मोजून दाखवले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आले’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. गरगर फिरणारा विचार ओळीत बसला की त्याला पुढे जावेच लागते. वाक्याला शेवट असतो, चिंतेला नसतो.

हाच धागा दुसऱ्या टोकाने पाहायला हवा. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये, नुकत्याच जोडीदारापासून विभक्त झालेल्या ९० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घडल्या गोष्टीचा अर्थ शोधण्यात जे आधीच बुडाले होते, त्यांना मन मोकळे करणारे लेखन उलटेच लागले. साधी दिनचर्या लिहिणारे तसे लोक काही महिन्यांनी अधिक सावरलेले दिसले. थोडक्यात, ‘माझ्याच वाट्याला का?’ हे वाक्य वीस पाने लिहिणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. ती जखमेवरची खपली रोज काढण्याची सवय आहे.

ही रीत परकी नाही

‘जर्नलिंग’ हा शब्द नवा असला तरी श्रद्धेची उलटतपासणी शब्दांत मांडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मकथन केले. ब्राह्मण घरातल्या या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, म्हणून पतीचा राग आणि मारहाण सोसली. तो संघर्ष आणि स्त्री म्हणून वेदांचा अधिकार नसल्याची खंत त्यांनी झाकून ठेवली नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करत होते. तिथे आणि पुढे तुरुंगातही त्यांनी रोजनिशी लिहिली. १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन उभारणारा हा माणूस स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब स्वतःशी मांडत होता.

आणखी एक उदाहरण घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांना ठाऊक असेल. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजी धर्माबद्दलच्या शंकांनी अस्वस्थ झाले होते. ख्रिस्ती मित्र एकीकडे ओढत होते. तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी आपले प्रश्न ओळीने लिहून काढले आणि मुंबईत जवाहिराच्या व्यवसायात असलेल्या श्रीमद राजचंद्र यांना पाठवले. प्रश्न सत्तावीस होते. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, इथपासून साप चावायला आला तर त्याला चावू द्यावे की मारावे, इथपर्यंत. नेमका प्रश्न लिहिता येणे ही अर्धी सुटका असते आणि तो योग्य माणसाला विचारता येणे ही उरलेली अर्धी.

जैन घरांत संध्याकाळचे प्रतिक्रमण असते, दिवसभरातल्या चुका आठवून त्यांतून मागे फिरण्याचे. दुसरीकडे बोरिवलीजवळ गोराईच्या विपश्यना पॅगोडाच्या परंपरेत दहा दिवसांच्या शिबिरात वाचन-लेखनाला पूर्ण मनाई असते. पेन बाजूला ठेवून स्वतःकडे पाहण्याचीही एक वाट आहे. तेव्हा लिहिलेच पाहिजे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ज्याला शब्दांतून मोकळे वाटते त्याच्यासाठी वही आहे.

वन रूम किचनमधली अडचण

उपनगरात खरी अडचण जागेची आहे. वन रूम किचनमध्ये पाच माणसे, कपाट एक, त्याची किल्ली सगळ्यांना ठाऊक. सुनेने ‘मला आता या व्रतात मन लागत नाही’ असे लिहिले आणि ते सासूच्या हाती पडले तर मनःशांती दूरच राहील. किंवा पुरोगामी म्हणवणाऱ्या नवऱ्याने बायकोने लिहिलेली प्रार्थना वाचून थट्टा केली तर ती पुन्हा कधी लिहिणार नाही. वहीची पहिली अट खासगीपणा. घरच्यांनी ती उघडू नये, हा शिष्टाचार मुलांच्या वहीलाही लागू आहे. आणि जिथे तशी खात्रीच नाही, तिथे लिहून झाल्यावर कागद फाडून टाकला तरी बिघडत नाही. उपयोग लिहिण्याच्या क्रियेत आहे, जपून ठेवण्यात नाही. बोरिवलीहून चर्चगेटला जाताना बसायला जागा मिळाली तर फोनला पासवर्ड लावून चार ओळी टिपता येतात. त्याच डब्यात कोणी पोथी वाचत असते, कोणी भजन म्हणत असते. त्यात हेही खपून जाईल.

पद्धत साधी ठेवावी. तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे, मग थांबावे. आधी काय घडले ते लिहावे, मग काय वाटले ते, आणि शेवटी एक प्रश्न: याबद्दल माझी समजूत काय आहे आणि ती मला कोणी दिली? ‘देव शिक्षा करतो’ हे वाक्य खरोखर आपले आहे की लहानपणी कोणीतरी भीती घालण्यासाठी म्हटलेले, हे कागदावर पाहिले की पुष्कळदा उलगडते. आठवड्याने पुन्हा वाचावे. वाक्ये थोडी पुढे सरकली असतील तर चांगलेच. तेच वाक्य तसेच फिरत असेल तर वही बंद करून माणसाशी बोलावे.

काही वेळी मात्र वहीवर अवलंबून राहू नये. आघात अगदी ताजा असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, किंवा देव कानात आज्ञा देतो असे वाटू लागले असेल तर तातडीने मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. आणि लिहिण्याने बरे वाटते म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी कधीही बंद करू नये.

या वहीने श्रद्धा ढळेल, अशी भीती काही भाविकांना वाटते. या वहीने अंधश्रद्धेलाच खतपाणी मिळेल, असे काही विवेकवाद्यांना वाटते. दोघांनीही थोडा धीर धरावा. लिहून कोणाची श्रद्धा पक्की होईल, कोणाची विरेल, कोणाची बदलेल. तो निर्णय वही घेत नाही, लिहिणारा घेतो. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की तो भीतीने घेतलेला नसावा आणि रुग्णाला तो एकट्याने कुढत घ्यावा लागू नये. डॉक्टरांनीही तपासणीच्या शेवटी, ‘या आजाराबद्दल तुम्हाला मनातून काय वाटते?’ एवढे विचारावे. त्याला अर्धे मिनिट लागते.

आजीची रामनामाची वही तशीच चालू राहू दे. तिच्या हाताला त्यात विसावा मिळतो. फक्त त्या वहीच्या शेवटी एक कोरे पान असावे आणि तिथे काहीही लिहिण्याची तिला मुभा असावी. आजोबा गेल्यापासून तिलाही काही विचारायचे असेल.