जुळलेला बैल

बांधावरून

बैलबाजारात जनावराचं वय कोणी विचारत नाही, जबडा उघडून बघतात. परवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात एक म्हातारा दलाल एकेका देवणी गोऱ्ह्याचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबत चालला होता. हा आदत, हा दोनदाती, हा चौसा, तो पलीकडचा सहादाती. आठही दात एका रांगेत आले की म्हणायचं, बैल जुळला. जुळला म्हणजे त्याची वाढ पुरी झाली. आता तो उंच होणार नाही, लांब होणार नाही, औताला आणि गाडीला मात्र पुरा पडेल.

मी बघत होतो ती जोडी वानेरा होती. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. देवणीचे तीन प्रकार आपल्याकडे लहान पोरही सांगतं: हा वानेरा, नखशिखान्त पांढरा तो बालंक्या, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा. ज्या गावाचं नाव एका गोवंशाला मिळालं, त्याच देवणी तालुक्यातला माणूस ही जुळलेली जोडी विकायला घेऊन आला होता.

"जोडी कामून काढलालाव, मामा?"

"वाटणी झाली की ओ. दोघं भाऊ आमी, तीन-तीन एकर आलं. तीन एकरात बैलानं काय खावं आन् आमी काय खावं? ज्वारी होती तवर कडबा होता. आता समदं सोयाबीन."

"आणि पैशाचं काय करणार?"

"बोअर मारायचं. दोन मारले, दोन्ही गेले."

लोकसंख्या, अमर्याद वाढ आणि पृथ्वीची मर्यादा यांवर मोठमोठे ग्रंथ आहेत. मामांच्या या चार वाक्यांत ते सगळं आलं, असं मला वाटतं. म्हणून आज त्यांचीच उकल करतो.

आधी वाटणी. 1970-71 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं सरासरी क्षेत्र 4.28 हेक्टर होतं, 2015-16 ला ते 1.34 हेक्टरवर आलं. आजोबांच्या सातबाऱ्यावर एक नाव होतं, बापाच्या वेळी चार झाली, आता नावांनी पान भरतं आणि गुंठ्यांवर भांडणं होतात. लोकसंख्येचा भार आपल्याकडे आकड्यांत कळत नाही, बांधावर कळतो. लातूर जिल्हा 2001 ला 20.80 लाखांचा होता, 2011 ला 24.54 लाखांचा झाला. दहा वर्षांत पावणेचार लाख माणसं वाढली, जमीन तेवढीच राहिली. त्यानंतरची जनगणना अजून झालेली नाही, त्यामुळे आज आपण किती आहोत हे मोजून कोणालाच ठाऊक नाही. माणसं वाढल्यानं काही बिघडत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा तीन एकरांत बैलजोडी पोसून दाखवावी.

पण चहाच्या टपरीवर जे ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "लोकांनी पोरं कमी करावीत, सगळं सुटतं", ते आता शिळं झालंय. लोकांनी पोरं कमी केली आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 निघाला. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतो, त्याच्याही खाली आपण आलो. तरुण जोडपी संख्येनं जास्त आहेत म्हणून डोकी आणखी काही वर्षं वाढतील, पण घरातला पाळणा थांबलाय. तो थांबवायला बायकांवर जबरदस्ती करावी लागली नाही. 1976 साली, आणीबाणीत, याच राज्याच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही, हे आपलं नशीब. र. धों. कर्व्यांनी 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1938 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकरांचा संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला, तो फेटाळला गेला. कर्वे आणि आंबेडकर या दोघांनी हा प्रश्न बाईच्या शरीराचा आणि तिच्या हक्काचा म्हणून मांडला होता. शाळा, दवाखाना आणि हातात चार पैसे आल्यावर बायकांनी तो आपल्या बळावर पुष्कळसा सोडवला. पुन्हा कोणी दोन अपत्यांच्या नावानं गरिबाला दमात घेऊ लागला, तर त्याला हा 1.7 चा आकडा दाखवावा.

पाळणा थांबला, तरी बोअर थांबलं नाही.

तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअरच्या गाड्या उन्हाळ्यात आपल्या शिवारात मुक्कामालाच असतात. आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. त्याच्या खाली गेलं की दगडाची पिठी उडते. 2009 च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विंधन विहिरीला मनाई केली आहे. आपल्याकडे सहाशे फुटांची गोष्ट लोक बाजारभाव सांगावा तशी सांगतात.

आणि हे पाणी जातं कुठे? 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, 10 वाघिणींत 5 लाख लिटर घेऊन. पुढे 50 वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लागली होती. मी त्या दिवसांत लातुरात घागरींच्या रांगेत उभा राहिलो आहे, ते विसरणार नाही. आता दुसरा हिशेब मांडा. उसाच्या एका हेक्टरला मोकाट पाण्यावर वर्षाला सुमारे 2 कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे 50 वाघिणींच्या गाडीच्या 8 खेपा. साऱ्या देशानं ज्या गाडीचे फोटो पाहिले, तिच्या आठ खेपा अडीच एकर उसात मुरतात. त्या हंगामातही मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती.

ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झाला आणि बाजारात शेतकऱ्यानं त्याच्या कितीतरी खाली माल विकला. उसाला एफआरपीचा, म्हणजे ठरवून दिलेल्या रास्त भावाचा, कायदेशीर आधार आहे, शिवाय पाऊस लांबला तरी ऊस जगतो. शेतकऱ्यानं शहाणपणाचंच केलं. चूक झाली ती धोरण आखणाऱ्यांची, कारण त्यांना अडवायला अहवाल कमी नव्हते. चितळे आयोगानं 1999 लाच सांगितलं होतं की हजार मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या प्रदेशात ऊस नको. 2019 ला औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊस आणि कारखान्यांवर बंदीची शिफारस केली. कागद कागदाच्या जागी राहिले आणि कारखान्यांची गाळप क्षमता वाढत गेली. ठिबक आलं, ते चांगलंच आहे. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या दोन एकरांत नवा ऊस उभा राहिला. तहान कमी झालीच नाही, फक्त पसरली.

या सगळ्याला आपण विकास म्हणतो, कारण मोजपट्टीच तशी आहे. आडाचं पाणी शेंदून प्यालं तर उत्पन्नाच्या हिशेबात काही धरत नाहीत. आड आटला, टँकर आला, डिझेल जळलं, बोअरची गाडी चार दिवस राहिली, की तेवढी उलाढाल वाढली. खाली गेलेली पाणीपातळी मात्र त्यातून कोणी वजा करत नाही. 1972 साली आपण दुष्काळी कामावर खडी फोडत आणि सुकडी खात होतो. त्याच साली अमेरिकेत डोनेला मेडोज आणि त्यांच्या सोबत्यांनी 'द लिमिट्स टू ग्रोथ' हा अहवाल काढला. मर्यादित पृथ्वीवर माणसं, कारखाने आणि उपसा असेच वाढत राहिले तर शंभरेक वर्षांत सगळं कोसळेल, असं त्यांनी गणितानं दाखवलं. तेव्हा त्यांना वेड्यात काढलं गेलं. 2025 ला 24 जुलैपर्यंतच माणसानं पृथ्वी वर्षभरात भरून काढू शकेल एवढं वापरून टाकलं, असा एक आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. साऱ्या जगानं अमेरिकेसारखं जगायचं ठरवलं तर जवळपास पाच पृथ्व्या लागतील. म्हणून देवणीच्या माणसाला "तुम्ही फार झालात" असं बाहेरच्यानं सांगणं मला सहन होत नाही. पण आपणही लातूरच्या मॉलकडे बघून तीच वाट धरली आहे, हेही दिसतं.

थांबता येतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं थांबून दाखवलंय. तिथला पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास. गावानं शेतीसाठी बोअर मारायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही असं ठरवलं आणि दर वर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला. आधी माणसं, मग जनावरं, मग उरेल त्यावर पीक. गावाला ही वाट दाखवणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात, सत्कारही करतात, पण तो ताळेबंद आपल्या ग्रामसभेत मांडायची वेळ आली की कोरम भरत नाही. देवणी, उदगीर, निलंग्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं येत्या पावसाळ्यानंतर एवढं एक करावं: गावात बोअर किती, किती फुटांवर, चालू किती, ऊस किती एकर, हे शाळेच्या भिंतीवर लिहावं. आणि सरकारनं मांजरा खोऱ्यात नव्या गाळपाला परवानगी देणं थांबवून ज्वारी आणि कडब्याला भावाची हमी द्यावी. कडबा राहिला तरच देवणी राहील. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात या जातीवर कितीही चांगलं काम झालं तरी दावणीला वैरण नसेल तर ते पुस्तकातच राहील.

बाजारात दुपारी सौदा झाला. उपरण्याखाली बोटं दाबली गेली, मामांनी मान हलवली. जोडी टेंपोत चढवताना उजवा बैल अडला. मामांनी त्याच्या वशिंडावर हात ठेवला, तसा तो चढला. मग त्यांनी दोन्ही दावी सोडून घेतली, गुंडाळून पिशवीत घातली आणि मला विचारलं, "उदगीरची गाडी किती वाजता हाय?" बोअरवाल्याला संध्याकाळपर्यंत विसार द्यायचा होता.