नाव नसलेले औषध

गेल्या हिवाळ्यात एका केंद्रीय योजनेच्या तपासणी पथकात वित्त विभागाचा प्रतिनिधी म्हणून उत्तर भारतातील एका प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा योग आला. शस्त्रक्रियागृहात शल्यचिकित्सकांना व भूलतज्ज्ञांना साहाय्य करणारे तंत्रज्ञ, ज्यांना आपण सर्रास ‘ओटी टेक्निशियन’ म्हणतो, ते तेथे तयार होतात. यंत्रसामग्रीच्या नोंदवह्या तपासणे आणि खर्चाचा मेळ घालणे एवढेच माझे काम होते. शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा चालू होती. प्राचार्यांच्या आग्रहावरून मी तेथे अर्धा तास बसलो.

एका विद्यार्थ्याने स्थानिक भूल देणाऱ्या औषधांचे वर्गीकरण अस्खलित म्हणून दाखवले. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉक्टरांनी विचारले, “०.५ टक्के ब्युपिव्हाकेनच्या २० मिलिलिटरमध्ये औषध किती मिलिग्रॅम?” विद्यार्थी गप्प झाला. नंतर परीक्षकांनी सरावाच्या ट्रॉलीवरील दोन स्टीलच्या वाट्यांकडे बोट दाखवले. दोन्हींत पाण्यासारखा स्वच्छ द्रव होता. “यात सलाईन कोणते?” मुलगा चटकन म्हणाला, “डावीकडचे, सर. नेहमी डावीकडेच असते.”

त्या मुलाला हसणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. जे शिकवले ते त्याने पाठ केले होते आणि जे पाहिले तेच तो सांगत होता. दोष असलाच तर तो शिक्षणाची मोजपट्टी ठरवणाऱ्या आपल्या व्यवस्थेचा आहे.

‘नेहमी डावीकडेच असते’ या विश्वासाची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील सिएटल शहरात २००४ साली घडले. तेथील एका रुग्णालयात रक्तवाहिनीत क्ष-किरण तपासणीचे रंगद्रव्य सोडावयाचे होते. त्याऐवजी त्वचा निर्जंतुक करण्याचे क्लोरहेक्सिडिन टोचले गेले आणि रुग्ण महिला दगावली. दोन्ही द्रव दिसायला सारखेच स्वच्छ होते आणि भांड्यावर नाव नव्हते. रुग्णालयाने चूक जाहीरपणे मान्य केली. मूळ बाटलीतून काढलेल्या प्रत्येक औषधावर व द्रावणावर, ते वाटीत असो वा सिरिंजमध्ये, लेबल हवे, हा नियम पुढे अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने आपल्या रुग्णसुरक्षा उद्दिष्टांत समाविष्ट केला होता.

हा धोका दूरदेशीचाही नाही आणि संपलेलाही नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक इशारा प्रसृत केला. रक्तस्राव थांबवणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड आणि पाठीच्या कण्यात भूल देण्याचे ब्युपिव्हाकेन यांच्या कुप्या एकमेकींसारख्या दिसतात व प्रसूती-शस्त्रक्रियेच्या वेळी त्या एकाच ठिकाणी ठेवलेल्या असतात. चुकून पहिले औषध कण्यात गेले, तर ते बहुधा प्राणावर बेतते.

कोणी म्हणेल, औषधाची जबाबदारी डॉक्टरांची; तंत्रज्ञावर औषधशास्त्राचे ओझे कशासाठी? औषध ठरवणे आणि देणे हे त्याचे काम नाही, हे मला मान्य आहे. परंतु कपाटापासून रुग्णापर्यंतच्या प्रवासात औषध ज्यांच्या हातांतून जाते, त्यांत त्याचा हात असतो. म्हणून त्याचे औषधशास्त्र ही डॉक्टरांच्या औषधशास्त्राची संक्षिप्त आवृत्ती असू नये. ती एक स्वतंत्र शिस्त आहे. कुपी हातात घेताच नाव, तीव्रता, मात्रा व मुदत मोठ्याने वाचणे. समोरच्याने तेच पुन्हा उच्चारणे. ओतताक्षणी लेबल लावणे. एका वेळी एकच औषध हाताळणे. लेबल नसलेला द्रव, कितीही महाग असो, फेकून देणे. आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत रिकाम्या कुप्या जपून ठेवणे.

या शिस्तीला थोड्या अंकगणिताची जोड हवी. ०.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. २० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. किलोमागे २ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा धरली, तर ५० किलोच्या रुग्णासाठी ती एका कुपीतच संपते. १:१००० ॲड्रिनॅलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते, तर १:२,००,००० मध्ये ५ मायक्रोग्रॅम. हा फरक २०० पटींचा आहे. हे ज्याला उमगले, तो चुकीची कुपी पुढे करताना क्षणभर तरी थबकेल.

परंतु थबकण्यासाठी केवळ ज्ञान पुरत नाही, अधिकारही लागतो. वीस वर्षांच्या मुलाने ज्येष्ठ शल्यचिकित्सकाला “सर, या वाटीवर नाव नाही, मी हे देणार नाही” असे म्हणणे आपल्या श्रेणीबद्ध समाजात सोपे नाही. आम्हा सचिवालयातील मंडळींना हे चांगले समजावे. बिनसहीची टिपणी कितीही वरून आली तरी कनिष्ठ लिपिक ती परत पाठवू शकतो, कारण नियम त्याच्या पाठीशी उभा असतो. शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञाच्या पाठीशी असा लेखी नियम उभा करणे हे प्रशासनाचे काम आहे.

त्यासाठी चौकट उपलब्ध आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने शस्त्रक्रिया व भूलविषयक तंत्रज्ञांना प्रथमच देशव्यापी वैधानिक ओळख दिली. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षित आहे. तास मोजणे आम्हाला जमते. प्रश्न त्या तासांत काय घडते याचा आहे. माझे मत असे की, औषध हाताळणीची प्रत्यक्ष परीक्षा स्वतंत्र असावी आणि तीत नापास झालेल्याला अन्य विषयांतील गुणांनी तारून नेऊ नये.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजारातील माहितीच्या विषमतेकडे लक्ष वेधले होते. भूल दिलेला रुग्ण हे त्या विषमतेचे टोक होय. तो विचारू शकत नाही, पाहू शकत नाही, नकारही देऊ शकत नाही. त्याच्या वतीने पाहणारे कोणीतरी असावेच लागते.

वाचकहो, आपण नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणारी माणसे. गावी आईवडिलांची शस्त्रक्रिया ठरली की आपण फोनवरून डॉक्टरांचे नाव विचारतो, त्यांची ख्याती विचारतो. ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या मुलाचे नाव आपण विचारत नाही.

तपासणी अहवालात मी लेबले व खुणेच्या पेनांसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली. यंत्रांच्या लाखांच्या आकड्यांशेजारी ती रक्कम इतकी क्षुल्लक दिसत होती की, सहकाऱ्याने विचारले, “हा वित्त विभागाचा विषय आहे का?” मी शिफारस तशीच ठेवली.