मदत हवी, चर्चा नको

कॅनडात १९७९ पासून सामान्य नागरिकही गट करून निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकतात. २०१५-१६ मध्ये सीरियन कुटुंबं आली, तेव्हा अरबी-इंग्रजीची अडचण अनेकांनी मोबाइलवरच भागवली. डॉक्टरची वेळ, मुलांची शाळा, घरभाडं, बरंच काही व्हॉट्सअॅपवर ठरू लागलं. त्या वर्षी रमजान जूनमध्ये. टोरांटोत इफ्तार रात्री नऊच्या सुमारास. ती वेळही फोनच सांगे. सोय मोठीच! पण स्वयंसेवकांच्या ग्रुपवर कुटुंबाचं आजारपण, पैसे, कागदपत्रं सगळ्यांसमोर येतात आणि ते कुटुंबच ग्रुपमध्ये नसतं, हे कसं चालेल? जकातसुद्धा घेणाऱ्याची अब्रू राखून द्यायची असते. ग्रुप तयार करताना पहिला नंबर त्या घरातला घ्यावा. त्यांना नको असेल ते तिथं लिहूच नये.