विश्लेषण : बिडकीनला येणाऱ्या नव्या ‘सीईओं’ना वाळूज काय शिकवते?

टोयोटा किर्लोस्कर मोटरने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आणि ‘ऑरिक’मधील बिडकीनचे नाव देशभर पोहोचले. प्रस्तावित गुंतवणूक सुमारे २० हजार कोटी रुपयांची. त्याच्या महिनाभर आधी एथर एनर्जीने विजेवर चालणाऱ्या दुचाकींसाठी दोन हजार कोटींचा कारखाना जाहीर केला होता. जेएसडब्ल्यू समूह, ल्युब्रिझॉल ही नावेही पाठोपाठ आली. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरमध्ये चर्चा आहे ती जमीन, वीज, पाणी आणि नोकऱ्यांची. हे कारखाने चालवायला जी माणसे येतील, त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. यातले बरेच जण बाहेरून येतील, काही पहिल्यांदाच सर्वोच्च खुर्चीवर बसतील. त्यांच्या हाती व्यवस्थापनशास्त्राची तयार शिदोरी असेल. ती इथे कितपत पुरते, हे वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या इतिहासात पाहता येते.

(आपल्याकडे ‘सीईओ’ म्हटले की आजही अनेकांना आधी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आठवतात. इथे विषय उद्योगांतल्या सीईओंचा आहे.)

नव्या प्रमुखाला जगभर काय सांगितले जाते?

सर्वाधिक प्रचलित सल्ला पहिल्या तीन महिन्यांचा. मायकेल वॉटकिन्स यांचे ‘द फर्स्ट नाइन्टी डेज’ हे पुस्तक २००३ मध्ये आले आणि तेव्हापासून ‘पहिले ९० दिवस’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याचा गाभा असा की आल्या आल्या घोषणा करू नका, आधी समजून घ्या, आपली माणसे ओळखा, लवकर दिसतील असे एक-दोन निकाल द्या.

सल्ला चुकीचा नाही. पण समजून घ्यायचे कोणाकडून? हार्वर्डचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी २७ मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्या वेळेचा प्रत्येकी १३ आठवडे हिशेब ठेवला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमुख आठवड्याला सरासरी ६२.५ तास काम करत होते आणि त्यातला ७२ टक्के वेळ बैठकांत जात होता. ग्राहकांसाठी मिळत होता तीन टक्के वेळ आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांसाठी सहा टक्के. म्हणजे प्रमुखाला जे कळते, ते बहुतेक त्याच्या हाताखालच्या चार-सहा जणांनी सांगितलेले असते. कंपनी मोठी असो की मध्यम, हे सहा टक्केच पुढे महाग पडतात.

खालची बातमी वर पोहोचली नाही तर काय होते?

याचे ठळक उदाहरण वाळूजमध्येच घडले. औषधनिर्मितीतील वोखार्ड कंपनीच्या वाळूज प्रकल्पावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे ‘एफडीए’ने, मे २०१३ मध्ये आयातबंदी घातली. नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याच्या प्रकल्पावरही तीच कारवाई झाली. जुलै २०१३ च्या इशारापत्रात तपासनिसांनी जे नोंदवले, ते यंत्रसामग्रीबद्दल कमी आणि माणसांच्या वागण्याबद्दल जास्त होते. मूळ नोंदींचे फाडलेले कागद कचऱ्यात सापडले. ते मागितले तेव्हा दुसरेच कागद पुढे करण्यात आले, असे त्यात म्हटले आहे.

कारखाना आधुनिक होता, निर्यात जोरात होती, अमेरिका ही मोठी बाजारपेठ होती. तरीही एका प्रकल्पातील नोंदवहीने संपूर्ण कंपनीचा नफा खाली आणला. चाचणीचा निकाल वाईट आला तर तो जसाच्या तसा लिहायची हिंमत प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला का होत नाही, हा प्रश्न गुणवत्ता विभागापुरता नाही. वाईट बातमी आणणाऱ्याला वरचे लोक कशी वागणूक देतात, यावर तो ठरतो. नव्या प्रमुखाला तोंडी सगळे ‘सर, सुरळीत आहे’ असेच सांगतात. त्याने पहिल्या महिन्यात एखाद्या रात्रपाळीला न सांगता जावे, नाकारलेल्या मालाचा ढीग पाहावा, तक्रारींची वही स्वतः चाळावी. सादरीकरणाच्या पन्नास पानांत जे सापडत नाही, ते तिथे असते.

जुळ्या भावांच्या दोन वाटा

वाळूजची खरी ओळख बजाज ऑटोने घडवली. १९८५ मध्ये इथला कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे उद्योग उभे राहिले. त्याच वर्षी राहुल बजाज यांचे भाचे, अनुरंग आणि तरंग जैन या जुळ्या भावांनी ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचा छोटा व्यवसाय सुरू केला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. अनुरंग यांची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज आणि तरंग यांची व्हॅरॉक. दोन्ही कंपन्या शेअर बाजारात आल्या, एन्ड्युरन्स ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि व्हॅरॉक जुलै २०१८ मध्ये. घर एक, गाव एक, पहिला मोठा ग्राहकही एक. त्यामुळे तुलना टाळता येत नाही.

दोघांनाही एका ग्राहकावरचे अवलंबित्व कमी करायचे होते. दोघेही परदेशात गेले. एन्ड्युरन्सने २००६-०७ च्या सुमारास जर्मनी आणि इटलीत तुलनेने लहान कंपन्या घेतल्या, त्याही ओतकामाच्या, म्हणजे जे काम घरी येत होते त्याच कामाच्या. व्हॅरॉकने २०१२ मध्ये अमेरिकी व्हिस्टिऑन कंपनीचा मोटारींच्या दिव्यांचा जागतिक व्यवसाय ९.२ कोटी डॉलरला विकत घेतला. चेक प्रजासत्ताक, मेक्सिको अशा ठिकाणी कारखाने, जगभरातले मोठे मोटार उत्पादक ग्राहक. वाळूजच्या कंपनीची निम्म्याहून जास्त उलाढाल एकाएकी परदेशी दिव्यांमधून होऊ लागली.

काही वर्षे हा निर्णय धाडसी आणि यशस्वी वाटला. नंतर करोना आला, मग सेमीकंडक्टरची टंचाई आली. युरोप-अमेरिकेतले मोटार उत्पादन घटले आणि भांडवल खाणारा हा व्यवसाय तोट्यात गेला. एप्रिल २०२२ मध्ये व्हॅरॉकने युरोप व अमेरिकेतील चारचाकी दिव्यांचा व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ओम्नियमला विकण्याचा करार केला. मूल्य ठरले होते ६० कोटी युरो. व्यवहार पूर्ण होईपर्यंत ते ५२ कोटींवर आले.

यावरून व्हॅरॉकला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ९.२ कोटी डॉलरला घेतलेला व्यवसाय दहा वर्षांत कितीतरी मोठा केला गेला आणि तोटा वाढू लागल्यावर तो सोडण्याचा निर्णयही त्याच नेतृत्वाने घेतला. आपणच घेतलेला निर्णय मोडीत काढणे बहुतेक प्रमुखांना जमत नाही. त्यासाठी बहुधा नवा माणूस आणावा लागतो. मात्र विस्तार करताना कोणते काम आपल्या हाताला बसलेले आहे आणि कोणते नुसते आकाराने मोठे आहे, हा फरक एन्ड्युरन्सच्या सावध पावलांत जास्त स्पष्ट दिसतो.

व्हिडीओकॉनचा प्रश्न वेगळा का?

पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडीओकॉनचा कारखाना भरात होता, तेव्हा या परिसरातल्या किती घरांची चूल त्यावर पेटत होती, हे जुन्या लोकांना विचारावे. दूरचित्रवाणी संच, फ्रीज, वॉशिंग मशीन यांत देशभर नाव असलेली ही मराठवाड्याची कंपनी. पण कोरियन कंपन्या घराघरात शिरत असताना नेतृत्वाचे लक्ष तेल-वायू आणि दूरसंचारकडे गेले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्यात व्हिडीओकॉनचे २१ होते. मोझांबिकमधील वायुक्षेत्राचा दहा टक्के हिस्सा सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकला गेला, तरी कर्जाचा डोंगर उतरला नाही. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. मान्य झालेले दावे होते सुमारे ६४ हजार कोटींचे, आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली, पुढे अपिलात रद्द झालेली बोली होती २,९६२ कोटींची.

नशीब, धोरणे, न्यायालयाचा निकाल यांचा वाटा आहेच. पण ज्या कामामुळे घर चालते त्याकडे पाठ फिरली, हे कारण त्याहून आधीचे आहे. नव्या प्रमुखाला पहिल्याच वर्षी ‘नवे क्षेत्र’ सुचवणारे सल्लागार भेटतात. जुन्या उत्पादनाची विक्री का घटली, हे सांगणारे विक्रेते भेटायला येत नाहीत. त्यांच्याकडे जावे लागते.

जुने मालक शेजारच्याच खोलीत असतील तर?

या शहरातल्या बहुतेक कंपन्या कुटुंबांच्या आहेत. पगारी प्रमुख असो वा मालकाचा मुलगा, त्याच्या मागे संस्थापक उभा असतो. बजाज ऑटोचेच पाहा. राजीव बजाज २००५ मध्ये व्यवस्थापकीय संचालक झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी स्कूटर बंद करून फक्त मोटारसायकलींवर लक्ष देण्याचे जाहीर केले. ज्या स्कूटरने बजाज हे नाव घरोघरी नेले, तीच बंद! राहुल बजाज यांनी आपली नाराजी लपवली नाही, जाहीरपणे बोलून दाखवली. तरीही निर्णय बदलला नाही.

यातला मुद्दा स्कूटरचा नाही. तो निर्णय बरोबर होता का, यावर आजही वाद होऊ शकतो. होंडाच्या ॲक्टिव्हाने त्यानंतर काय केले ते सर्वांनी पाहिले आणि २०१९ मध्ये ‘चेतक’ विजेवर का होईना परत आलीच. मुद्दा असा की मतभेद उघड असूनही अधिकार कोणाकडे, याबद्दल संभ्रम राहिला नाही. लहान कंपन्यांत नेमके उलटे घडते. पदनाम मुलाचे किंवा पगारी प्रमुखाचे, आणि खरेदीच्या कागदावर सही घ्यायला सगळे ‘मोठ्या साहेबां’कडे. रुजू होण्याआधीच हे लेखी ठरवून घेतले नाही तर ९० दिवस काय, तीन वर्षेही कमी पडतात.

गेटबाहेरचे काम कोणाचे?

पुस्तकांत सर्वात कमी जागा मिळालेला आणि इथे सर्वात महत्त्वाचा भाग हाच. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कपात केली. इतर उद्योगांची कपात २० वरून २५ टक्के झाली. बिअरची राजधानी म्हणवणाऱ्या शहराला जायकवाडीच्या तळाने दिलेला तो इशारा होता. बिडकीनही त्याच जायकवाडीवर अवलंबून आहे. शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते आणि २०१९ मध्ये १,६८० कोटींची असलेली पाणीयोजना २,७४० कोटींवर गेली. पाणी येण्याचा दिवस असेल तर कामगार पाळीला उशिरा येतो. मनुष्यबळ विभागाच्या तक्त्यात त्याची नोंद फक्त ‘गैरहजर’ अशी होते.

९ ऑगस्ट २०१८ च्या बंदमध्ये वाळूजच्या अनेक कारखान्यांत तोडफोड झाली, वाहने जाळली गेली. गुन्हेगारीचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्या दिवशी परगावच्या व्यवस्थापकांना कळले की गेटबाहेरच्या तरुणांशी आपली ओळखच नाही. जुलै २०२० मध्ये बजाजच्या वाळूज कारखान्यातील सुमारे अडीचशे कामगारांना करोना झाला, तेव्हा संघटनेने काही दिवस काम थांबवण्याची मागणी केली होती. उत्पादन आणि भीती यांतला असा पेच कोणत्याही आराखड्यात आधी लिहिलेला नसतो.

आणि ३१ डिसेंबर २०२३ ची पहाट. वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार दगावले, परराज्यातून पोटासाठी आलेले. मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा फलक झळकत असतात. त्यांच्यासाठी छोटे काम करणाऱ्या शेडमध्ये रात्री कोण झोपते, बाहेर पडायला दुसरे दार आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. बिडकीनच्या नव्या कारखान्यांभोवती अशा शेकडो शेड उभ्या राहतील. आपल्या पुरवठादारांकडे हे तपासायला नव्या प्रमुखाला कोणाची परवानगी लागत नाही, खर्चही फारसा नाही.

मग सुरुवात कुठून?

उद्योजकांच्या ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’ या संघटनांचे दरवाजे नव्या प्रमुखांसाठी उघडे असतात. ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज विकत घेणाऱ्या या शहरात ओळखी व्हायला वेळ लागत नाही. तिथे सगळे जातातच.

बिडकीन आणि शेंद्रा परिसरातल्या गावांत मात्र जावे लागते. तिथल्या शेतकऱ्यांनी एकरी २३ लाख रुपये दराने जमिनी दिल्या. त्या पैशातून कोणी घर बांधले, कोणी गाडी घेतली, कोणी दुसरीकडे शेती घेतली. आता त्यांची मुले आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन विचारत आहेत की कायम नोकरी मिळणार की ठेकेदाराकडे बारा तास. या प्रश्नाचे उत्तर मनुष्यबळ अधिकारी देऊ शकत नाही, मंत्रीही देऊ शकत नाही. ते कारखान्याच्या प्रमुखालाच द्यावे लागेल, आणि पहिली गाडी कारखान्याबाहेर पडण्याच्या बरेच आधी.