काळोख्या खोलीतली बेइमानी

ज्या रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर मानांकनाची सोनेरी चौकट झळकते, ज्याच्या माहितीपत्रकात 'अत्याधुनिक' हा शब्द पानोपानी ठाण मांडून बसलेला असतो, ज्याच्या उद्घाटनाला मंत्री येतात आणि फीत कापून समाजसेवेवर प्रवचन झोडून जातात, त्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात जाऊन, डार्करूमच्या काळ्या पडद्याआड उभा असलेला फिल्म प्रोसेसर आज सकाळी पहिल्या रोग्याआधी कोणी तपासला का, एवढे विचारून पाहा. उत्तर येणार नाही.

हे यंत्र काय करते, हे आमच्या वाचकांना ठाऊक असणे त्यांच्या हिताचे आहे. क्ष-किरण रोग्याच्या देहातून पार होऊन फिल्मवर पडतात तेव्हा चित्र तयार झालेले नसते; फिल्मवर असते ते फक्त अदृश्य संस्कार. डेव्हलपर त्याला काळे करतो, फिक्सर उरलेली अनावश्यक चांदी धुऊन काढतो, पाणी रसायने काढते आणि शेवटी गरम हवा फिल्म वाळवते. पूर्वी हे काम हातांनी, टाक्यांत हँगर बुडवून, घड्याळाकडे पाहत होई. १९५६ साली कोडॅकने रोलरवरून फिल्म पुढे सरकवणारे यंत्र आणले आणि १९६५ साली हेच काम दीड मिनिटात उरकू लागले. दीड मिनिटाच्या या कारभारात डेव्हलपरच्या वाट्याला जेमतेम वीस-पंचवीस सेकंद येतात. म्हणून तो सुमारे ३५ अंशांवर तापवलेला असावा लागतो, त्याची ताकद रोज तीच असावी लागते आणि प्रत्येक फिल्ममागे त्यात ताज्या द्रावणाची ठरलेली भर पडावी लागते. माणूस डोळ्यांनी पाहून चूक सावरू शके. यंत्र ती सावरत नाही. यंत्र बिघडलेल्या रसायनातूनही फिल्म तितक्याच शिस्तीने बाहेर काढते, आणि ती पाहणाऱ्याला ती खरीच वाटते.

म्हणूनच या यंत्राची रोजची परीक्षा ठरलेली आहे. सेन्सिटोमीटर नावाच्या लहानशा उपकरणाने फिल्मच्या एका पट्टीवर मोजून-मापून प्रकाशाच्या एकवीस पायऱ्या उमटवायच्या, पट्टी प्रोसेसरमधून काढायची आणि डेन्सिटोमीटरने तिचा काळेपणा मोजायचा. त्यातून तीन आकडे हाती येतात: फिल्मचा मूळ धूसरपणा, तिचा वेग आणि काळ्या-पांढऱ्यातले अंतर. ते तिन्ही आकडे आलेखावर मांडायचे आणि रेषा मर्यादेबाहेर गेली की यंत्र थांबवायचे. सोबत डेव्हलपरचे तापमान बघायचे, तेही पाऱ्याच्या तापमापकाने नव्हे, कारण तो फुटला तर पारा टाकीत जातो. वरचे क्रॉसओव्हर रोलर रोज धुवायचे. रात्री झाकण किंचित उघडे ठेवायचे, म्हणजे वाफ आत थंड होऊन रसायने एकमेकांत उतरणार नाहीत. सकाळचा थोडा वेळ आणि एक फिल्म, याहून अधिक काही लागत नाही.

एवढेही आमच्याकडे होत नाही. डेव्हलपर हवेशी संयोग पावून चहासारखा तांबूस होतो, तरी तो बदलला जात नाही. पातळी उतरली की वरून नळाचे पाणी ओतले जाते. दिवसाला मोजक्याच फिल्म निघणाऱ्या केंद्रात तर भर घालणारा पंपही उपयोगाचा नसतो, कारण फिल्म कमी, म्हणून भर कमी, आणि टाकीतले द्रावण जागच्या जागी मरत जाते; अशा ठिकाणी वेळेच्या हिशेबाने ताजे द्रावण घालावे लागते, हे मालकाला कुणी सांगितलेले नसते आणि सांगितले तरी तो खर्च मंजूर करत नाही. वीज जाते, परत येते, टाकी तापायच्या आतच पहिला रोगी आत घेतला जातो. वैशाखात खोलीच टाकीहून तापते. फिक्सरचे शिंतोडे डेव्हलपरमध्ये पडतात आणि त्या थोड्याशा शिंतोड्यांनी अख्खी टाकी नासते. रोलर ओरखडे उमटवतात, त्याच अंतरावर पुनःपुन्हा, आणि डॉक्टर त्या ओरखड्याखाली काय दडले असेल याचा अंदाज बांधत बसतो.

फिकट आलेली फिल्म पाहून मग काय केले जाते? डेव्हलपर बदलण्याऐवजी क्ष-किरणांची मात्रा वाढवली जाते. बाटलीतल्या द्रावणात जी ताकद उरली नाही, ती रोग्याच्या शरीरातून अधिक किरण पार करून भरून काढली जाते. आणि तरीही फिल्म जमली नाही की रोग्याला पुन्हा बाकावर चढवले जाते, आणि त्याच्या अंगावर दुसऱ्यांदा किरण सोडून पहिल्या नासक्या फिल्मचे पैसे मात्र रुग्णालयाच्या हिशेबातून वजा होत नाहीत. काही रुपयांची रसायने वाचवण्यासाठी गरोदर बाईच्या, तान्ह्या मुलाच्या आणि खोकून थकलेल्या मजुराच्या अंगावर अकारण किरण सोडायचे, याला आम्ही दुसरे नाव देणार नाही. ही लूट आहे.

आणि या लुटीचे परिणाम पैशात मोजण्याच्या पलीकडचे आहेत. फुप्फुसाच्या शिखराशी दाटू लागलेली क्षयाची पुसट छाया, मनगटाच्या हाडातली केसाएवढी भेग, स्तनाच्या ऊतीतले मिठाच्या कणांहून बारीक चुन्याचे ठिपके: ही सगळी दिसतात ती काळ्या-पांढऱ्यातल्या सूक्ष्म फरकामुळे. धूसर फिल्मवर तो फरकच मरतो. डॉक्टर प्रामाणिकपणे 'सर्व ठीक' लिहितो, रोगी निर्धास्त होऊन घरी जातो आणि आजार आपले काम चालू ठेवतो. नीट न धुतलेल्या फिल्मवर उरलेले फिक्सरमधले हायपो तिला कालांतराने पिवळी पाडते. मग अपघाताच्या दाव्यात वर्षांनी न्यायालयापुढे ठेवायला त्या गरिबाकडे डागाळलेला प्लास्टिकचा तुकडाच उरतो.

यावर आम्हाला खर्चाचे रडगाणे ऐकवले जाते. त्या रडगाण्याचा खोटेपणा त्याच डार्करूमच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कॅनमध्ये सापडतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरलेली असते आणि ती विकली जाते. त्या कॅनला झाकण असते, त्याची नोंद असते, तो न्यायला व्यापारी ठरल्या दिवशी येतो आणि भावावरून घासाघीस होते. म्हणजे फिक्सरमध्ये किती चांदी आहे याचा हिशेब काटेकोर, आणि डेव्हलपरमध्ये किती ताकद आहे याची चौकशीसुद्धा नाही! एका टाकीत व्यवस्थापनाला डोळे आहेत, शेजारच्याच टाकीत ते आंधळे आहे. हे अज्ञान नव्हे. ही निवड आहे.

आणि चूक उघड झाली की बळी ठरलेला असतो: क्ष-किरण तंत्रज्ञ. जो माणूस खेळती हवा नसलेल्या खोलीत डेव्हलपरमधल्या ग्लुटराल्डिहाइडच्या आणि फिक्सरच्या वाफा दिवसभर नाकात घेतो, ज्याला सेन्सिटोमीटर कधी आणून दिलेला नाही, ज्याने नवे रसायन मागितले की 'आधी जुने संपव' असे बजावले जाते, त्याच्याच पगारातून रिपीट फिल्मचे पैसे कापण्याची धमकी दिली जाते. त्याला आम्ही दोष देणार नाही. दोष त्याच्यावर ढकलणाऱ्यांची लाज मात्र आम्हाला वाटते.

आता सरकारकडे वळू. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आमच्याच मुंबईत, अणुशक्तीनगरात आहे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ साली या मंडळाच्या कारभाराचा जो ताळेबंद संसदेपुढे ठेवला, तो वाचून कोणाही विचारी नागरिकाची झोप उडावी: देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी नोंदणीकृत होती फक्त ५,२७०, म्हणजे शंभरातली एक्याण्णव केंद्रे नियामकाच्या नजरेबाहेर किरण सोडत होती. सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालये उभारायला सांगून दशक उलटले होते, आणि तेव्हापर्यंत ती उभी होती केवळ केरळ आणि मिझोराममध्ये. नियामकाचे घर ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राचे नाव त्या दोघांत नव्हते! त्यानंतर ऑनलाइन परवाना आला, नोंदणी वाढली, हे आम्ही मान्य करतो. पण यंत्राच्या ज्या ठरावीक चाचण्या मागितल्या जातात, त्या नळीच्या, व्होल्टेजच्या, वेळेच्या आणि किरणांच्या गळतीच्या. डार्करूमची टाकी मालकाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलेली आहे, आणि त्या बुद्धीची वाट पाहण्यात किती रोगी गेले, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

हे अशक्य होते असे नाही. अमेरिकेने १९९२ साली मॅमोग्राफीसाठी कायदा केला आणि त्याखाली फिल्म वापरणाऱ्या केंद्रावर बंधन घातले, की त्या दिवशीच्या रोग्यांच्या फिल्म काढण्याआधी प्रोसेसरची चाचणी झालीच पाहिजे. वेगाचा आणि अंतराचा आकडा ठरलेल्या पातळीपासून ०.१५ हून अधिक ढळता कामा नये, धूसरपणा ०.०३ हून अधिक वाढता कामा नये. ढळला तर आधी दुरुस्ती, मग रोगी. तिथल्या बाईच्या स्तनाला जी दक्षता लाभते, ती इथल्या बाईला का नाही, याचे उत्तर आमच्या आरोग्य खात्याने द्यावे.

उत्तर म्हणून आमच्यापुढे डिजिटलचे बुजगावणे उभे केले जाते: फिल्म जाणारच आहे, आता तिच्यावर खर्च कशाला? जी फिल्म आज दुपारी कोणाच्या तरी छातीवरून निघणार आहे, ती 'जाणारच आहे' म्हणून नासकी काढायची? आणि डिजिटलने हे दुखणे संपते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की तिथे संगणक जादा किरणांनी काढलेले चित्रही सुबक करून दाखवतो. म्हणजे मात्रा हळूहळू चढत गेली तरी पडद्यावर काहीच काळे दिसत नाही. फिल्मच्या काळात जे रोज मोजायला शिकले नाहीत, ते तिथेही मोजणार नाहीत.

आमची मागणी स्पष्ट आहे. जिथे जिथे फिल्म चालते, तिथे सेन्सिटोमेट्रीची रोजची पट्टी आणि तिचा आलेख परवान्याची अट करा. तो आलेख क्ष-किरण विभागाच्या दारावर, मानांकनाच्या चौकटीशेजारी, रोग्याला वाचता येईल असा लावा. तपासनिसाला कचेरीतली फाईल न चाळता थेट डार्करूममध्ये जाऊ द्या. आणि वाचकहो, तुम्ही पैसे मोजता, देह तुमचा पुढे करता. खिडकीवर पावती घेण्याआधी आज सकाळची पट्टी दाखवा म्हणण्याचा अधिकार तुमचा आहे, तो बजावा. ज्या केंद्राला ती दाखवता येत नाही, त्याचा परवाना त्याच दिवशी रद्द झाला पाहिजे.