कंपवाताचें मूळ पोटांत?

मेंदूचा रोग मेंदूंतच शोधावा, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे, कीं तिजविषयीं शंका घेणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. परंतु आपल्या वैद्यांच्या कंपवाताशीं बऱ्याच अंशीं जुळणारा पार्किन्सनचा रोग या समजुतीस धक्का देऊं लागला आहे. घरांतील वडील माणसाचा हात थरथरूं लागला, अक्षर बारीक होत चाललें, पाऊल घुटमळूं लागलें, म्हणजे सर्वांचें लक्ष त्या हाताकडे जातें. त्याच माणसास कित्येक वर्षें आधींपासून मलावष्टंभ होता, हें मात्र कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगाचें जें पहिलें सविस्तर वर्णन लिहिलें, त्यांत आंतड्यांच्या मंदपणाची नोंद आहे. पुढें शोधाचा ओघ मेंदूकडे वळला, व त्याचें फळही मिळालें. मेंदूच्या एका काळसर भागांतील पेशी झिजल्या म्हणजे डोपामिन नांवाचें द्रव्य अपुरें पडतें, आणि हालचाली जखडतात. डोपामिन रक्तांतून मेंदूंत शिरत नाहीं. म्हणून ज्यापासून तें बनतें, तें लेव्होडोपा देण्याची युक्ति निघाली. १९६७ सालीं डॉ. कोट्झियास यांनीं अमेरिकेंत तें मोठ्या प्रमाणांत पोटांतून देऊन गुण दाखविला. आजही हेंच प्रमुख औषध आहे. आपल्या खाजकुयलीच्या बियांतही तेंच द्रव्य असतें, आणि मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी यांनीं तें १९३७ सालींच वेगळें काढलें होतें, हें वाचकांस ठाऊक असावें.

मग पोटाचा संबंध कोठें येतो? रोग्याच्या मेंदूंत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या सांपडतात. तशाच त्या आंतड्यांच्या मज्जातंतूंतही आढळतात. यावरून जर्मन शास्त्रज्ञ ब्राक यांनीं २००३ सालीं असें अनुमान मांडलें, कीं कांहीं रोग्यांत विकाराचा आरंभ पोटांत होऊन तो व्हेगस नांवाच्या मज्जातंतूच्या वाटेनें वर चढत असावा. पूर्वीं जठरांतील व्रणासाठीं हा मज्जातंतु तोडीत असत. ज्यांचा तो समूळ तोडला होता, त्यांस पुढें हा रोग कमी प्रमाणांत झाल्याचें डेन्मार्कमध्यें २०१५ सालीं दिसून आलें.

पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं हा रोग जडण्याची प्रवृत्ति असलेल्या उंदरांवर प्रयोग केले. जे जंतुरहित वाढविले, त्यांस त्रास कमी झाला. आणि ज्यांच्या आंतड्यांत रोग्यांचे जंतु सोडले, त्यांचा त्रास निरोगी माणसांचे जंतु मिळालेल्या उंदरांपेक्षां अधिक वाढला. मात्र उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. शिवाय आहार, औषधें व खुद्द मलावष्टंभ यांनींही पोटांतील जंतु बदलतात. तेव्हां रोग्यांत दिसणारा फरक कारण आहे कीं परिणाम, हें ठरविणें सोपें नाहीं.

औषधावर जंतु काय करतात, हें त्यामानानें अधिक स्पष्ट आहे. २०१९ सालीं असें दाखविण्यांत आलें, कीं आंतड्यांत राहणारा एन्टेरोकोकस फीकॅलिस हा जंतु लेव्होडोपाचें पोटांतच डोपामिन करून टाकतो. तितकें औषध मेंदूच्या दृष्टीनें फुकट गेलें. हा नाश टळावा म्हणून गोळींत कार्बिडोपा घालतात खरें. पण तें शरीरांतील पाचक द्रव्यास आवरतें, जंतूच्या द्रव्यास आवरीत नाहीं. जंतूसही आवरणारें एक द्रव्य प्रयोगशाळेंत सांपडलें आहे. परंतु तें अद्याप रोग्याच्या हातीं आलेलें नाहीं.

दुसरा उपाय ऐकून पुष्कळांस किळस येईल. निरोगी माणसाच्या मलांतील जंतु रोग्याच्या आंतड्यांत पोंचविणें, हा तो उपाय होय. २०२४ सालीं बेल्जममधील गेंट येथें ४६ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत वर्षाअखेर हालचालींत थोडी सुधारणा आढळली. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील प्रयोगांत सहा महिन्यांनीं कांहींच लाभ दिसला नाहीं. जंतुयुक्त औषधांनीं मलावष्टंभ कमी होतो, याला मात्र मलेशियांतील ७२ रोग्यांवरील प्रयोगाचा आधार आहे. त्यांनीं मूळ रोग हटतो, असें सिद्ध झालेलें नाहीं.

हें इतकें विस्तारानें सांगण्याचें कारण असें, कीं आशेनें व्याकुळ झालेलें कुटुंब फसविण्यास फार सोपें असतें. ‘पोट शुद्ध करा, कंप जाईल’ अशा जाहिरातींवर विश्वासून चालू औषध बंद केल्यास रोगी एकाएकीं ताठून जाऊं शकतो, व प्रसंगीं जिवावर बेततें. खाजकुयलीचें चूर्णही आपल्या मनानें देऊं नये. गोळीच्या जोडीस तें गेलें म्हणजे मात्रा दुप्पट होण्याचा धोका आहे.

तोंपर्यंत घरांत करण्यासारखें थोडें आहे, पण तें मोलाचें आहे. वरण, दूध, दहीं यांतील प्रथिनें आंतड्यांतून शिरतांना या औषधाशीं स्पर्धा करतात; म्हणून पुष्कळ डॉक्टर गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधीं घ्यावयास सांगतात. आपल्या रोग्यास काय योग्य, हें त्यांसच विचारावें, व ठरलेली वेळ चुकवूं नये. भाज्या, फळें, पुरेसें पाणी व झेपेल तितकें चालणें यांनीं कोठा साफ राहण्यास मदत होते. आणि ‘पोट साफ होत नाहीं’ असें घरांतील वडील माणूस म्हणूं लागलें, तर तेवढ्यावरून रोगाची धास्ती घेऊं नये. पण तें म्हातारपणाचें रडगाणें समजून कानाआडही करूं नये, इतकीच आमची विनंति आहे.